अर्ध्या दिवसाची हजेरी



धानाची कापणी सुरू आहे, दिवसा रेडिओ ऐकायला कोणाला सवड नाही. म्हणून आजचं बोलणं रात्री ठेवा, असं मीच सांगितलं. स्वयंपाक उरकता उरकता ऐका. विषय हिशेबाचा आहे, पण बेरीज-वजाबाकीच्या पुढे मी जाणार नाही.

आमच्याकडे चार गावांच्या बचत गटांनी मिळून एक शिवणकेंद्र चालवलं आहे. मशिनी ८ आणि बाया २३. आठ मशिनींवर तेवीस जणी कशा बसतात, असं कोणी विचारलं तर आम्ही हसतो. कारण पूर्ण दिवस कोणीच बसत नाही. कोणी पोरांना शाळेत धाडून येते आणि बारा वाजता परत जाते. कोणी शेतातून आल्यावर दोन तास बसते. रोवणीच्या महिन्यात तर मशिनींवर नुसती धूळ असते. या सगळ्याची नोंद एका लांब वहीत होती आणि महिनाअखेर दोन दिवस ती वही मांडीवर घेऊन मी हिशेब करायची. चुका व्हायच्या. एकदा एका ताईचे ६४० रुपये दुसऱ्या ताईला गेले. दोघींचं नाव एकच होतं.

मग आमच्यातल्या एका ताईंचा भाचा मदतीला आला. तो गोंदिया शहरात कॉम्प्युटरचं काम करतो. एका दुकानात चालणारा पगाराचा प्रोग्राम त्याने आणून बसवला. म्हणाला, मावशी, फक्त हजेरी टाका, पगार आपोआप निघतो. आम्ही मोठ्या उत्साहाने महिनाभराची हजेरी भरली आणि कागद छापला. २३ पैकी १९ जणी गैरहजर! एक ताई रविवार सोडून रोज आल्या होत्या, कधी दोन तास, कधी तीन. त्यांच्या नावापुढे छापलं होतं : हजर ०, गैरहजर २६. त्यांनी तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी आलीच नाही?’’

पोराची चूक नव्हती. प्रोग्रामचीही नव्हती म्हणा. तो प्रोग्राम पगारदार माणसासाठी बनवलेला होता. पगारदाराचा हिशेब भरलेल्या घागरीपासून सुरू होतो. महिन्याचा पगार आधीच ठरलेला, २६ दिवस आधीच धरलेले. मग सुट्टी झाली तर तेवढं कमी करा, कर कमी करा, उरेल ते द्या. म्हणजे वजाबाकी. आपला हिशेब रिकाम्या घागरीपासून सुरू होतो. जेवढा वेळ आली तेवढा टाका, जेवढे नग झाले तेवढे टाका. म्हणजे बेरीज. पगारदाराची नोंद करायची राहिली तरी त्याला पूर्ण पगार मिळतो. आपली नोंद राहिली तर आपल्याला काहीच मिळत नाही. एवढा फरक कळला आणि मला पुष्कळ जुन्या गोष्टी नव्याने दिसू लागल्या. आपल्या भागात बाईच्या कामाचे दिवस कोणी लिहिले, कशावर लिहिले आणि तो कागद कोणाच्या हातात होता, हे मी शोधत गेले. तेच आज सांगते.

माझी आजी मजुरीला जायची तेव्हा कागदच नव्हता. मजुरी धानात मिळायची, पायलीने मोजून. रोवणीचे दिवस किती भरले ते ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहायची. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी आखूड रेघ. दिवाळीला घर सारवायच्या आधी हिशेब मिटला पाहिजे, असा तिचा नियम होता, कारण सारवलं की खातं पुसलं. मालकाचीही नोंद असायची, त्याच्या वहीत. दोन्हीचा मेळ बसला नाही तर कोणाची खरी धरायची, हे काही विचारायला नको. तरी आजी रेघा ओढत राहिली. मी लहानपणी विचारलं होतं, भिंतीचं कोणी ऐकत नाही तर लिहितेस कशाला? ती म्हणाली, मला तर माहीत असते ना.

कागद आपल्या बायांच्या हातात पहिल्यांदा आला तो बिडीच्या धंद्यात. गोंदिया, तिरोडा, भंडारा हा सगळा पट्टा बिडीचा. जंगलात तेंदूपत्ता, घरात रिकामा वेळ नसलेल्या पण घर सोडता न येणाऱ्या बाया. कारखानदाराला आणखी काय पाहिजे? पानं आणि तंबाखू ठेकेदाराकडून आणायची, घरी बसून बिड्या वळायच्या आणि मोजून द्यायच्या. मजुरी हजार बिड्यांमागे. इथे दिवस मोजायचा प्रश्नच नव्हता, नग मोजायचे होते. पण मोजणारा कोण? ठेकेदार. तो जुड्या हातात घ्यायचा, काही बिड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा आणि उरलेल्या कार्डावर चढवायचा. पानं कमी दिली तर बाई स्वतःच्या पैशाने पानं विकत घ्यायची आणि हजाराचा आकडा पुरा करायची. पदरचा तो खर्च कुठल्याच कार्डावर नसायचा.

१९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात मोठी गोष्ट ही होती की घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगार धरली गेली. १९७६ साली बिडी कामगारांच्या कल्याणनिधीचे कायदे झाले, त्यातून दवाखाने आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या आल्या. भविष्यनिर्वाह निधीसाठी मालक मंडळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. घरी वळणारी बाई आमची कामगारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. बिडी पास करायची की छाट म्हणून टाकायची हे तुमच्याच हातात आहे ना, मग तुम्हीच मालक, असा त्याचा साधा अर्थ. पण ज्या घरात कार्ड एकाच्या नावावर आणि वळणाऱ्या तिघी, तिथे दोघींचा कायद्यालाही पत्ता नव्हता. सासूच्या कार्डावर सुनेच्या बिड्या जायच्या. आज आपल्या भागात अशा कितीतरी बाया आहेत ज्यांनी वीस-वीस वर्षं बिड्या वळल्या आणि कागदावर त्या कधीच कामगार नव्हत्या.

आता रोजगार हमीकडे येते, कारण तुमचे बहुतेक प्रश्न तिथले आहेत.

रोजगार हमी ही आपल्या महाराष्ट्राची देणगी, हे आपल्या पोरांनाही सांगा. १९७२-७३ चा दुष्काळ पडला तेव्हा राज्यात दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली. मे १९७३ मध्ये ५० लाखांच्या आसपास लोक त्या कामांवर होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी लावून धरली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. सरकारने काम काढायचं आणि आपण त्यावर जायचं, एवढंच आधी होतं. आता काम मागणं हा हक्क झाला.

यासाठी पैसा कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला. नोकरदारांच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम कापायची आणि सरकारने त्यात आपली भर घालून रोजगार हमीला द्यायची. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकातली वजाबाकी गावच्या हजेरीपटावर बेरीज होऊन आली. शहरातल्या ज्या बहिणीच्या पगारातून हा कर कापला जातो तिला हे बहुधा माहीत नसतं. आपल्यालाही नव्हतं.

त्या हजेरीपटाला आपण सगळे मस्टर म्हणतो. कामावर हजेरी सहाय्यक असायचा, तो नावं लिहायचा. पैसे रोख मिळायचे, मस्टरवर अंगठा घेऊन. बाई आणि माणूस यांना एकाच कामाला एकच दर, ही त्यातली चांगली गोष्ट. शेतात तसं नव्हतं, अजूनही सगळीकडे नाही. पण मजुरी नुसत्या दिवसावर नव्हती. किती ब्रास माती निघाली, जमीन किती कडक, माती किती दूर नेऊन टाकली, याचं मोजमाप व्हायचं आणि त्यावरून पैसे निघायचे. माझी आई नवेगावबांधच्या बाजूला एका मामा तलावाच्या कामावर होती. (मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पण आपल्या गावच्या पोरांनाही आता हे सांगावं लागतं.) ती सांगते, दहा जणींची टोळी, सगळ्यांनी मिळून माती काढायची आणि मोजमाप टोळीचं व्हायचं. एखादीचं लेकरू तापाने फणफणलेलं असलं आणि ती मध्येच घरी गेली तर उरलेल्या नऊ जणी तिचा खड्डा भरून काढायच्या आणि तिची हजेरी पूर्ण लागायची. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं. पण मस्टर लिहिणारा समोर उभा असायचा, तो पाहायचा आणि लिहायचा.

तोच लिहिणारा दुसरंही काही लिहू शकत होता. जो माणूस कामावर आलाच नाही त्याचं नाव, जो मरून दोन वर्षं झाली त्याचं नाव. एकच अंगठा दहा ठिकाणी. हे आपल्याकडेच होतं असं नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामाचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले. नाव वाचलं की लोक सांगायचे, हा तर सुरतला असतो, हा तर मेला. कागद लोकांना दाखवायला सरकार तयार नव्हतं, म्हणून पुढे मोठं आंदोलन झालं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. आपल्या राज्यात अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं केली, २००५ साली देशभरासाठी कायदा झाला. आज आपण ग्रामपंचायतीत जाऊन मस्टरची नक्कल मागतो, त्याच्यामागे अशा गावोगावच्या मजुरांचं बसणं आहे. नोकरीच्या फॉर्ममध्ये किंवा शाळेच्या पुस्तकात माहितीचा अधिकार भेटतो तेव्हा तो वकिलांनी आणला असं वाटतं. त्याची सुरुवात मस्टरपासून झाली.

हे लिहिण्या-मोजण्याचं काम यंत्राकडे द्यायची कल्पना मात्र फार दूर, इंग्लंडमध्ये जन्मली. तिथेही सुरुवात चहाच्या दुकानापासून झाली, म्हणून सांगते. लायन्स नावाची कंपनी होती. तिची चहाची दुकानं, बेकरी, हजारो कामगार. या सगळ्यांचा हिशेब करायला कारकुनांची फौज. कंपनीने स्वतःच एक कॉम्प्युटर बनवला, त्याचं नाव लिओ. मोठी खोली भरून जाईल एवढा तो मोठा. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये तो बेकरीच्या हिशेबाला लागला आणि १९५४ पासून पगार काढू लागला. एका कामगाराचा पगार काढायला सराईत कारकुनाला ८ मिनिटं लागायची, लिओला दीड सेकंद. हा पगाराचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत मेरी कूम्ब्ज नावाची बाई होती. धंद्याच्या कामासाठी प्रोग्राम लिहिणारी जगातली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. पुढे मुलगी आजारी म्हणून तिने पूर्ण वेळची नोकरी सोडली आणि अर्धवेळ काम धरलं. लोकांचे पूर्ण महिन्याचे पगार जिने यंत्राला शिकवले तिच्यावरही ही वेळ आलीच.

तिथलीच दुसरी बाई, स्टेफनी शर्ली. १९३९ साली निर्वासित लेकरू म्हणून इंग्लंडला आली. १९६२ मध्ये ६ पौंडांवर तिने प्रोग्राम लिहिण्याची कंपनी काढली. कामावर कोण, तर लग्न झाल्यावर, लेकरं झाल्यावर नोकरी सुटलेल्या बाया. त्या घरून काम करायच्या, जेवढे तास जमतील तेवढे. पहिल्या ३०० जणांत २९७ बाया होत्या. बाईच्या नावाने पत्र गेलं तर उत्तर येत नव्हतं, म्हणून ती ‘स्टीव्ह’ या पुरुषाच्या नावाने सही करायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती वारली तेव्हा मी हे वाचलं आणि शिवणकेंद्रात सांगितलं. आमच्यातली एक म्हणाली, बिडीसारखंच की, घरी बसून! मी म्हटलं, हो, पण या बाईने पुढे कंपनीचा मोठा हिस्सा कामावरच्यांच्या नावावर केला. आमच्या ठेकेदाराने काही केला नाही.

असो. परत गोंदियात येऊ.

२००५ साली देशाने आपल्या महाराष्ट्राच्या धर्तीवर रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ ला तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्या पहिल्या २०० मध्ये आपला गोंदिया होता. तेव्हा आपल्या जिल्ह्याला जन्मून सात वर्षंही झाली नव्हती. १ मे १९९९ ला तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. १०० दिवसांचं काम, एक तृतीयांश तरी बाया, पैसे बँकेत किंवा पोस्टात. प्रत्यक्षात देशभरात या कामावर निम्म्याहून जास्त बायाच राहिल्या आहेत. आणि या सगळ्या मजुरांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटर खात्याने, एक प्रोग्राम बनवला. त्याचं नाव नरेगासॉफ्ट. थोडे दिवस काम करणाऱ्या माणसांसाठी बनवलेला एवढा मोठा हजेरी-पगाराचा प्रोग्राम जगात फार ठिकाणी नसेल. आणि तो बेरजेचा आहे, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. महिना धरत नाही. शून्यापासून सुरू होतो.

२०२५ साली तो कसा चालत होता ते सांगते, कारण पैसे अडकायचे ते याच वाटेवर. तुम्ही नमुना ४ भरून काम मागता. पोच म्हणून नमुना ५ मिळतो, तारीख टाकलेला. तो घेतल्याशिवाय उठू नका, कारण १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागायला तोच पुरावा. ज्यांनी काम मागितलं त्यांचीच नावं छापून ई-मस्टर निघतं. हाताने नाव घुसडता येऊ नये म्हणून ही सोय. आठवडाभराने हजेरी कॉम्प्युटरवर चढते, अभियंता कामाचं मोजमाप घेतो, दोन्ही जुळवून मजुरीची यादी निघते. त्यावर दोन सह्या होतात, पैसे पाठवायचा आदेश तयार होतो आणि तिथून पैसे थेट दिल्लीहून तुमच्या खात्यात. २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. पण मोजमापात माती कमी भरली तर तेवढे पडत नाहीत. हजेरी ६ दिवसांची आणि पैसे ४ दिवसांएवढे, असं झालं तर आधी मोजमाप पाहा. दर वेळी रोजगार सेवकाने खाल्ले असं नसतं. त्यालाही आपण उगाच शिव्या घालतो.

मस्टर संपल्यापासून १५ दिवसांत पैसे आले पाहिजेत. सोळाव्या दिवसापासून उशिराची भरपाई आहे, दर दिवसाला थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के. मी हिशेब केला. ६ दिवसांचे पूर्ण पैसे म्हणजे १८७२ रुपये, त्यावर एका दिवसाची भरपाई ९४ पैसे. एक रुपयाही नाही. एवढ्यात काडेपेटीसुद्धा येत नाही. आणि पूर्वी केंद्र सरकार आदेश निघेपर्यंतचाच उशीर मोजायचं, पुढे दिल्लीत पैसे अडकले तर तो उशीर कोणाच्याच नावावर नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही. ही केस दुष्काळग्रस्तांच्या बाजूने स्वराज अभियान या संघटनेने केली होती.

मग आला मोबाइल. २०२१ च्या मे महिन्यात हजेरीचं ॲप आलं, १६ मे २०२२ पासून २० किंवा जास्त मजूर असलेल्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सगळ्या कामांवर ते सक्तीचं झालं. दिवसातून दोन वेळा फोटो, सकाळी एक आणि काही तासांनी दुसरा. उन्हाळ्यात आपल्या बाया पहाटे पाचला कामाला लागतात आणि ऊन चढायच्या आत माती संपवतात. माती संपली तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क येतं-जातं. मेट झालेली आपलीच एखादी पोरगी मोबाइल वर धरून धुऱ्यावर फिरत राहते. फोटो चढला नाही तर हजेरी नाही. माझ्या आईच्या टोळीतली ती लेकरूवाली बाई आज असती तर? दुसऱ्या फोटोत ती नाही, म्हणजे तो दिवस नाही. नऊ जणींनी तिचा खड्डा भरला तरी फोटोला ते दिसत नाही. अर्धा दिवस लिहायला त्या फोटोत जागाच नाही.

बरं, एवढं करून खोटं थांबलं का? २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढलं. फोटोचाच फोटो काढून चढवतात, भलत्याच माणसांचे फोटो चढवतात, एकच फोटो वेगवेगळ्या मस्टरवर चढवतात, असं त्यातच लिहिलं आहे. पूर्वी एक अंगठा दहा ठिकाणी, आता एक फोटो दहा ठिकाणी. मी ॲपच्या विरोधात नाही. रोख पैसे आणि अंगठ्याच्या काळात बाईच्या हातात किती पडत होते ते आईने मला सांगितलेलं आहे, ते दिवस परत नकोत. पण यंत्राला कोणते प्रश्न विचारायचे हे ज्याने ठरवलं तो धुऱ्यावर उभा नव्हता, एवढं मात्र मला दिसतं.

आणि शेवटचं, ज्याबद्दल या महिन्यात मला तीन गावांतून फोन आले. दिवस भरले, यादीत पैसे ‘जमा’ दाखवतात, पासबुकात नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून नरेगाचे पैसे आधारवरून जाऊ लागले. म्हणजे तुम्ही जॉबकार्डाला कोणता खाते नंबर दिला ते पाहत नाहीत. तुमचं आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं, त्या बँकेत पैसे जातात. २०२४ साली लाडकी बहीण योजनेच्या वेळी आपण सगळ्या रांगा लावून आधार जोडत फिरलो, आठवते ना? कोणी पोस्टात जोडलं, कोणी मोबाइलवाल्या पोराकडे नवीन खातं काढून जोडलं. त्या फोन करणाऱ्यांपैकी एका वहिनीचे पैसे अशाच खात्यात पडून होते, जे खातं काढल्याचं त्या विसरून गेल्या होत्या. दुसरीच्या जॉबकार्डावर ‘बाई’ आहे, आधारवर नाही, म्हणून पैसे परत गेले. तिसरीचं अजून कळलेलं नाही, पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तालुक्याला जाणार आहोत. तुमचं आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे हे बँकेत विचारलं की सांगतात. जॉबकार्ड स्वतःच्या घरी ठेवा, ते दुसऱ्याकडे ठेवायचं नसतंच.

शिवणकेंद्राचं काय झालं ते राहिलं.

भाचा पुन्हा आला. या वेळी त्याला मशिनीजवळ बसवलं आणि एक पूर्ण दिवस नुसतं पाहायला लावलं. संध्याकाळी तो म्हणाला, मावशी, एक दिवस म्हणजे किती तास धरायचे? यावर बायांची तासभर चर्चा झाली. कोणी म्हणे सहा, कोणी आठ. शेवटी ठरलं की दिवस धरायचाच नाही. पाव तास हे माप. आली तेव्हाची वेळ, गेली तेव्हाची वेळ, काज-बटणाचे नग वेगळे. ‘गैरहजर’ हा रकाना काढून टाकला. नावाशेजारी गटाचा नंबर आणि गाव टाकलं, त्यामुळे एका नावाच्या दोघींचा घोळ मिटला. आणि महिनाअखेर पैसे द्यायच्या दोन दिवस आधी यादी भिंतीवर लावायची, पेनाने दुरुस्ती करायला जागा सोडून. भाच्याला हे पटत नव्हतं. यादी छापल्यावर दुरुस्ती कशी, म्हणे. आम्ही म्हटलं, म्हणूनच तर आधी लावायची.

पहिल्या महिन्यात ११ दुरुस्त्या निघाल्या. त्यातल्या सात यादीच्या चुका होत्या, चार बायांच्या आठवणीच्या. रोज येऊन गैरहजर ठरलेल्या त्या ताई आता स्वतःची छोटी डायरी ठेवतात. लिहिता फारसं येत नाही, म्हणून पाव तासाला एक टिंब, तासाला एक रेघ. मागच्या महिन्यात यादीत त्यांचे ६१ तास आणि डायरीत साडेबासष्ट. आम्ही तारखेवारी जुळवलं. एका बुधवारी लाइट गेली होती, तेव्हा त्या दीड तास हाताने काज करत बसल्या होत्या आणि लाइट नाही म्हणून मी कॉम्प्युटरवर काहीच भरलं नव्हतं. यादीवर पेनाने दीड तास वाढवला आणि बाजूला मी सही केली.